घाटात आणि ओव्हरटेकच्या वेळी जुनी डिझेल गाडी अडखळते. खर्चात पडण्याआधी काय तपासावे?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २०१२ सालची, १२४८ सीसी टर्बो डिझेल इंजिनाची सेडान आहे. गाडी एमएच १९ पासिंगची असून दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेली आहे आणि पहिल्यापासून घरच्याच हातात आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या पिकअपमध्ये एक खोट निर्माण झाली आहे. चाळीसगाव ते धुळे या सपाट रस्त्यावर एका वेगात चालताना काहीही जाणवत नाही. परंतु पुढच्या ट्रकला मागे टाकण्यासाठी तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये रेस दिली की एक-दोन सेकंद काहीच घडत नाही आणि मग गाडी एकदम उचलते. कन्नड घाट चढताना हा त्रास फारच वाढतो. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० ते २००० आरपीएमच्या दरम्यान रेस पूर्ण दाबली तरी काटा वर सरकत नाही आणि शेवटी दुसरा गिअर टाकावा लागतो. एसी चालू असेल तर विचारूच नका.

सकाळी गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागलेला नाही. मायलेज थोडे उतरले आहे. एका गॅरेजने चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) बदलण्यास सांगितले आणि दुसऱ्याने टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) संपल्याचे सांगितले, आणि दोघांपैकी कोणीही स्कॅनर लावला नाही. नोंदणीची पंधरा वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होत असल्याने एवढा खर्च अंदाजाने करण्याची माझी तयारी नाही. एअर फिल्टर मागच्या सर्व्हिसमध्ये बदलल्याची पावती आहे, डिझेल फिल्टरचा मात्र बिलावर उल्लेख नाही. निदान कोणत्या क्रमाने करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पंप-नोझल (जळगाव)

ताई, आपण लक्षणे नीट मांडली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. चारही नोझल एकाच वेळी, एकाच प्रमाणात आणि तेही फक्त घाटात खराब होत नाहीत. नोझल गेले असते तर सकाळी गाडी सुरू होताना कुरकुर, आयडलला थरथर किंवा पांढरट धूर यांपैकी काहीतरी आधी दिसले असते. टर्बोबद्दलही आजच निकाल देऊ नये.

या इंजिनात रेसच्या पॅडलपासून पंपापर्यंत तार जात नाही. पॅडल म्हणजे ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाकडे, केलेली मागणी असते. हवेचा सेन्सर इंजिनात किती हवा जात आहे हे सांगतो आणि काळा धूर होऊ नये म्हणून ईसीयू तेवढ्या हवेत जळेल इतकेच डिझेल देतो. म्हणून "गाडी उचलत नाही" या एकाच तक्रारीमागे दोन अगदी वेगळी घराणी आहेत : एक तर इंजिनाला हवा कमी पडते, नाहीतर डिझेल कमी पडते. आधी घराणे ठरवावे आणि मगच पाना हातात घ्यावा.

ते ठरवण्याचे फुकटचे साधन म्हणजे धूर. संध्याकाळी अंधार पडल्यावर एखाद्याला मागून दुसऱ्या गाडीने यायला सांगा आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस पूर्ण दाबा. मागच्या गाडीच्या हेडलाइटच्या झोतात धूर स्पष्ट दिसतो. दिवसा तोच धूर तितका सहज दिसत नाही. अडखळताना धूर अजिबात नसेल, तर डिझेल कमी येत आहे किंवा हवेचा सेन्सर खरी हवा कमी करून सांगत असल्याने ईसीयूने हात आखडता घेतला आहे. उलट अडखळताना काळा धूर येत असेल, तर सेन्सरने मोजलेली हवा इंजिनापर्यंत पोहोचलेलीच नाही, म्हणजे सेन्सर आणि इंजिन यांच्यामध्ये ती कुठेतरी गळते आहे, किंवा ईजीआर व्हॉल्व्ह (एग्झॉस्टचा थोडा वायू परत इनटेकमध्ये सोडणारी झडप) उघडा अडकून ताज्या हवेच्या जागी एग्झॉस्टचा वायू आत जातो आहे. टर्बोच्या पुढचा रबरी होज फाटला की नेमके असेच घडते : सेन्सरने पूर्ण हवा मोजली, ईसीयूने त्या हिशेबाने डिझेल दिले आणि निम्मी हवा बॉनेटमध्येच सुटली.

दुसरे साधन म्हणजे स्कॅनर. इथे एक अडचण येण्याची शक्यता आहे. आपल्या देशात ओबीडी-२ ची (गाडीतील दोष ओळखून स्कॅनरला सांगणाऱ्या प्रमाणित यंत्रणेची) सक्ती एप्रिल २०१३ पासून झाली, आणि २०१२ साली खान्देशात विकल्या गेलेल्या अनेक गाड्या बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाच्या होत्या. त्यामुळे स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असले तरी ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर आपल्या गाडीशी बोलेलच असे नाही. ज्या गॅरेजकडे त्या कंपनीचे सॉफ्टवेअर असलेला स्कॅनर आहे, तिथे जावे. मात्र "कोड आहे का बघा" एवढेच सांगून येऊ नये. दिवा लागलेला नाही याचा अर्थ सगळे ठीक आहे असा होत नाही. या काळातल्या गाड्यांत बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) कमी पडला तरी दिवा लागण्याइतकी काटेकोर देखरेख नसते. स्कॅनर लावून कोणाला तरी शेजारी बसवा, चढावर गाडी न्या आणि अडखळण्याच्या क्षणी तीन आकडे वाचायला सांगा : रेल प्रेशरची (चारही नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतील, म्हणजे कॉमन रेलमधील दाबाची) मागणी, प्रत्यक्ष रेल प्रेशर आणि इनटेकचा दाब. मागणी आणि प्रत्यक्ष दाब यांत क्षणभर फरक राहणारच. पण शे-दोनशे बारची तफावत दोन-तीन सेकंद टिकत असेल, तर डिझेलच्या बाजूला शोध घ्यावा. दोन्ही आकडे हातात हात घालून वर जात असतील, तर नोझल आणि पंप यांना तूर्त हात लावू नये.

इनटेकचा दाब आयडलला १०० किलोपास्कलच्या आसपास दिसतो, कारण तो बाहेरच्या हवेचाच दाब असतो. रेस पूर्ण दाबून २००० आरपीएमच्या पुढे गेल्यावर तो १८०-२०० पर्यंत किंवा त्याही वर जायला हवा. तो १३०-१४० वरच रेंगाळत असेल, तर टर्बोने भरलेली हवा कुठे जाते ते शोधणे हे पहिले काम.

हे सगळे होईपर्यंत कोणालाही इंजिन चालू असताना नोझलचे पाइप ढिले करून "एअर काढू" देऊ नका. जुन्या पंपाच्या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री सवयीने तसे करतात. परंतु कॉमन रेलमध्ये त्या पाइपात आयडललाही दोन-तीनशे बारचा दाब असतो, पूर्ण भारावर तो हजार बारच्या कितीतरी पुढे जातो, आणि सुटलेली बारीक धार कातडीतून सरळ आत शिरते.

शिरपूरकर

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. माझे बिजासन घाटातून सेंधव्याकडे नेहमी जाणे-येणे असते आणि माझ्या जुन्या डिझेल गाडीला जवळपास असाच त्रास होता. माझ्या बाबतीत ईजीआर व्हॉल्व्ह दोषी निघाला. गावातल्या गावात, इंजिन पुरते गरम होण्याआधीच बंद होणाऱ्या गाडीत ही तक्रार अधिक आढळते. क्रँककेसमधून (इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागातून) येणारी तेलाची वाफ आणि ईजीआरमधून येणारी काजळी एकत्र येऊन इनटेकमध्ये डांबरासारखा थर बसतो आणि व्हॉल्व्हची झडप पूर्ण मिटत नाही. व्हॉल्व्ह काढून कार्बन क्लीनरने धुतला आणि नवीन गॅसकेट टाकून बसवला, एवढ्यावर काम झाले.

अनेक ठिकाणी ईजीआरला पत्रा लावून तो कायमचा बंद करण्याचा सल्ला मिळतो. मी त्या विरोधात आहे. पिकअप सुधारल्याचा भास होतो हे खरे, परंतु त्यामुळे नायट्रोजन ऑक्साइडचे उत्सर्जन वाढते, आणि पीयूसीत डिझेल गाडीचा फक्त धूर मोजला जात असल्याने हे तिथे पकडले जात नाही एवढेच. शिवाय खरा दोष होजमध्ये असेल तर तो जागेवरच राहतो.

आणखी एक गोष्ट सुचवतो. रेसच्या पॅडलमध्येही सेन्सर असतो आणि वर्षानुवर्षे पाय ज्या जागेवर स्थिर राहतो तिथे त्याचा मार्ग झिजू शकतो. इंजिन बंद ठेवून, चावी ऑन करून, पॅडल अगदी सावकाश दाबत स्कॅनरवर टक्केवारी पाहावी. ती मध्येच उडी मारत असेल किंवा शून्यावर येत असेल, तर बाकी कशालाही हात न लावता आधी पॅडल बदलावे. ताईंच्या गाडीत चढावर त्रास वाढतो, म्हणून मला ही शक्यता कमी वाटते; तरी तपासणी मिनिटभराची आहे.

केळीबाग (रावेर)

राम राम. हवेबद्दल वर पुष्कळ आले आहे, मी फक्त डिझेल फिल्टरबद्दल लिहितो, कारण बिलावर उल्लेख नाही म्हणजे तो बदललेला नाही असेच समजून चालावे. आमच्या भागात ट्रॅक्टरसाठी शेतावर डिझेलचा ड्रम ठेवलेला असतो आणि अडीअडचणीला त्यातलेच कॅनभर डिझेल कारमध्ये ओतले जाते. दिवसा ४५ अंशांपर्यंत तापणारा आणि रात्री निवणारा अर्धा रिकामा ड्रम आतल्या आत घाम धरतो, ते पाणी तळाशी बसते आणि कॅनमधून थेट कारच्या टाकीत जाते. ट्रॅक्टरचे जुने इंजिन ते पचवते. कॉमन रेलच्या पंपाला ते मानवत नाही. आपण असे करत असाल असे मी म्हणत नाही, पण पावसाळ्यानंतर त्रास सुरू झाला असे वाचल्यामुळे पाण्याची शंका आलीच.

फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू ढिला करून थोडे डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे आणि तासभर न हलवता ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. जुना फिल्टर कापून त्याचा कागद काळपट-चिकट आहे का, तेही पाहावे. नवीन फिल्टर टाकताना त्याच्या नळ्यांचे क्लिप-जॉइंट आणि ओ-रिंग तपासून घ्या, कारण तिथून एअर धरली की नवीन फिल्टर टाकूनही गाडी दबकत चालते आणि दोष विनाकारण फिल्टरवर येतो.

जाता जाता : बीएस-६ डिझेलमुळे जुन्या गाड्यांचे पंप कोरडे पडून बिघडतात, अशी समजूत आमच्याकडे पक्की बसली आहे. २०२० पासून डिझेलमधील गंधक १० पीपीएमवर आणले हे खरे आहे, परंतु त्याच मानकात वंगणक्षमतेचीही मर्यादा घातलेली आहे आणि ती भागवण्यासाठी लागणारे द्रव्य डिझेलमध्ये आधीच घातलेले असते. त्यामुळे टाकीत दोन-चार कप इंजिन ऑइल ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कानाआड करावा.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सर्वांचे मनापासून आभार. ड्रमचे डिझेल आम्ही कधीच वापरत नाही, तरीही फिल्टर बदलून घेतला. जुन्या फिल्टरमधून काढलेल्या डिझेलमध्ये तळाशी पाण्याचे अगदी थोडे थेंब होते, कागद मात्र बराच काळवंडलेला होता. नवीन फिल्टरने सपाट रस्त्यावर किंचित फरक पडला, घाटात पडला नाही.

रात्री भावाने मागून गाडी आणली. त्याचे म्हणणे असे की रेस दाबताच काळ्या धुराचा लोट निघतो आणि गाडीने वेग घेतला की विरतो. ब्लूटूथ अडॅप्टर खरोखरच जोडला गेला नाही, म्हणून स्कॅनर असलेल्या गॅरेजच्या माणसाला बरोबर घेऊन घाट चढले. कोड एकही नव्हता. अडखळताना रेल प्रेशरची मागणी आणि प्रत्यक्ष दाब जवळपास एकच होते, इनटेकचा दाब मात्र १३५ च्या आसपास अडकून राहिला. पॅडलची टक्केवारी शून्यापासून वरपर्यंत सरळ वाढते. त्याच गृहस्थांनी टर्बोची नळी काढून आतली दांडी हलवून पाहिली. तिला अगदी थोडी आडवी हालचाल आहे, पुढे-मागे अजिबात नाही, आणि पंखा घासल्याच्या खुणा नाहीत. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) खालच्या होजवर तेलाचा ओलसर डाग आहे. यावरून टर्बोच गेला असे समजावे का?

पंप-नोझल (जळगाव)

टर्बो गेला असे अजिबात समजू नये. आपण दिलेल्या माहितीतून तीन गोष्टी निकालात निघाल्या. डिझेलचा दाब मागणीप्रमाणे येत आहे, म्हणून नोझल आणि पंप संशयातून सुटले. पॅडलही सुटले. टर्बोच्या दांडीला तेलाच्या थरामुळे थोडी आडवी हालचाल असतेच. पुढे-मागे हालचाल असणे किंवा पंख्याने घर घासणे ही खराबीची खूण आहे, आणि ती इथे नाही. काळा धूर आणि कमी बूस्ट एकत्र आल्यावर उरतात ते होज, इंटरकूलर, ईजीआर आणि टर्बोच्या वेस्टगेटची (जादा एग्झॉस्ट वायू बाजूने सोडून देणाऱ्या झडपेची) दांडी. माझा कल होजकडे आहे.

होजवरचा तेलाचा डाग हा मात्र स्वतंत्र पुरावा होत नाही. क्रँककेसची वाफ इनटेकमध्येच सोडलेली असल्यामुळे या वयाच्या प्रत्येक गाडीच्या होजमध्ये तेलाचा पातळ थर असतो आणि जॉइंटवर थोडा ओलावा येतो. पाहायचे आहे ते असे : डाग क्लिपच्या कडेला गोल आहे की होजच्या अंगावर एका रेषेत आहे, आणि त्या रेषेवर धूळ चिकटून काळी ओळ तयार झाली आहे का. होज जागेवर असताना वरून धडधाकट दिसतो, कारण फट बहुतेकदा खालच्या वळणावर असते आणि इंजिन बंद असताना रबर तिला मिटवून टाकते. म्हणून होज काढून, आतबाहेर पुसून, दोन्ही हातांनी वळणाच्या उलट दिशेला वाकवावा. फट असेल तर ओठ उघडावेत तशी उघडते. कापडी थरापर्यंतच चीर गेली असली तरी होज बाद समजावा.

होज निर्दोष निघाला तर संपूर्ण मार्गाची गळती तपासावी. इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टरच्या पुढचे तोंड बुचाने बंद करून, रेग्युलेटरने दाब अर्ध्या बारपर्यंतच ठेवून हवा सोडावी आणि जॉइंटवर साबणाचे पाणी लावावे. टायरची हवा भरण्याचा कॉम्प्रेसर सरळ जोडू नये. त्याने चांगले सीलही उडते. इंटरकूलरच्या प्लास्टिकच्या टोप्या ॲल्युमिनिअमला जिथे दुमडून बसवलेल्या असतात, तिथे बुडबुडे येतात का हे आवर्जून पाहावे. इथेही काही मिळाले नाही, तर मग शिरपूरकरांनी सांगितलेला ईजीआर आणि त्यानंतर वेस्टगेट. वेस्टगेटची दांडी गंजून उघडी अडकली असेल, तर एग्झॉस्टचा बराचसा वायू टर्बोला न फिरवता बाजूने निघून जातो आणि बूस्ट तयारच होत नाही; इंजिन थंड असताना ती हाताने हलवून, स्प्रिंगच्या जोराने परत बसते का हे पाहता येते.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

होजच निघाला. इंटरकूलरकडून वर येणाऱ्या होजच्या खालच्या वळणावर, क्लिपपासून बोटभर अंतरावर, आडवी चीर होती. जागेवर असताना माझ्यासमोर दोघांनी बॅटरी मारून पाहिले, तेव्हा कोणालाच दिसली नव्हती. काढून वाकवल्यावर आतला पांढरा धागा दिसला. शेजारचा अँटी-रोलबारचा ब्रॅकेट घासून रबर पातळ झाले होते, म्हणून नवीन होज बसवताना त्या जागी जाड रबरी पट्टी गुंडाळली आणि दोन्ही क्लिप नवीन टाकल्या. खर्च नोझलच्या सांगितलेल्या रकमेच्या पासंगालाही पुरणारा नाही.

घाटात तिसऱ्या गिअरमध्ये गाडी आता व्यवस्थित चढते, धूर नाही, इनटेकचा दाब १९० च्या पुढे जातो. मात्र चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरवरून रेस दिली तर अजूनही थोडा वेळ लागतो. ही खोट शिल्लक आहे का, की हे असेच असते?

शिरपूरकर

हे असेच असते. हे मूळचे फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट इंजिन आहे, जे आपल्याकडे अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसवले गेले. ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीत साध्या, स्थिर पंखांचा टर्बो असून त्याचा १९० न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क २००० आरपीएमला मिळतो. त्याखाली १.३ लिटरचे इंजिन जवळपास स्वतःच्याच दमावर चालते. चौथ्यात ४० च्या वेगाला काटा १५०० च्याही खाली असणार. अशा वेळी रेस दाबून वाट पाहण्यापेक्षा तिसरा टाकणे इंजिनाच्याही हिताचे आहे. त्या वेगाला गाडी नवी असतानाही यापेक्षा चपळ नव्हती.

पंप-नोझल (जळगाव)

शिरपूरकर योग्य सांगत आहेत, त्यापुढे खर्च करू नये. दोन छोटी कामे राहिली आहेत. नवीन होजचे रबर गरम होऊन बसते आणि क्लिप किंचित सैल पडते, म्हणून घाटाची एखादी फेरी झाल्यावर इंजिन थंड असताना दोन्ही क्लिप पुन्हा आवळून घ्याव्यात. आणि इतके महिने इंजिन काजळी करत चालले असल्यामुळे इनटेकच्या दाबाचा सेन्सर एकदा काढून त्याचे छिद्र सेन्सरसाठी मिळणाऱ्या क्लीनरने स्वच्छ करावे. तार, सुई किंवा पिन त्यात घालू नये, आतला पडदा तेवढ्यानेही फाटतो.